कर्करोगाचे नवे औषध आणि घरातील वडीलधाऱ्यांचे पोट

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



आरोग्याच्या कार्यक्रमात बँकेतील लिपिकाने भाषण करावे, हे थोडे वेगळे वाटेल. आमचे शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. दहावीनंतर शास्त्राचे पुस्तक आम्ही हाती धरलेले नाही. परंतु गेली दीड वर्षे आमच्या आईवर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत आणि त्या उपचारांच्या एका बाजूविषयी रुग्णाच्या घरच्यांनीच बोलावे, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांना वाटले. आज आम्ही 'आम्ही' म्हणतो आहोत ते मोठेपणाने नव्हे. आम्ही, आमची पत्नी, धाकटी बहीण आणि कॉलेजात शिकणारा मुलगा अशा चौघांनी मिळून जे पाहिले आणि केले, तेच येथे सांगावयाचे आहे.

विषय जुलाबांचा आहे. भर सभेत हा शब्द ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले, ते आम्हाला ऐकू आले. हसण्यास हरकत नाही. पण ज्या घरात कर्करोगाचे नवे औषध चालू आहे, त्या घरात हा शब्द मोकळेपणाने उच्चारता आला नाही तर माणूस दगावू शकतो, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रथम औषधाविषयी थोडे. कर्करोग म्हटला की आपल्याला केमो माहीत असते. केमोचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. हे नवे औषध तसे नाही. त्याला इम्युनोथेरपी म्हणतात. हेही शिरेतून सलाईनसारखेच देतात, म्हणून घरातील माणसे त्यालाही केमोच म्हणतात, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. आपल्या शरीरातील संरक्षक पेशींना काबूत ठेवण्यासाठी निसर्गाने ब्रेक दिलेले आहेत. ते नसते तर त्या पेशी आपल्याच अवयवांवर तुटून पडल्या असत्या. कर्करोगाच्या गाठी लबाड असतात. त्या हाच ब्रेक दाबून धरतात आणि संरक्षक पेशी जवळ असूनही स्वस्थ उभ्या राहतात. जपानमधील क्योटो येथे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली असा एक ब्रेक सापडला, त्याला पीडी-१ म्हणतात. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी दुसऱ्या एका ब्रेकवर काम केले. ब्रेक सोडवणारे पहिले औषध अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. पीडी-१ वरची पेंब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधे २०१४ साली आली आणि २०१८ साली या दोघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे परदेशातले, श्रीमंतांचे, असे म्हणून सोडून देऊ नये. औषध महाग आहे हे खरेच. पण आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंडाच्या, घशाच्या आणि मानेकडच्या वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक अभ्यास केला. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब त्यांनी गोळ्यांच्या जोडीने दिले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत एक वर्षानंतर शेकडा १६.३ रुग्ण हयात होते, औषध जोडलेल्यांत ४३.४. तंबाखू आणि मिश्रीने तोंडाचे कर्करोग आपल्या वस्त्यांत किती आहेत, हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा हे औषध आज आमच्या घरी आहे, उद्या आणखी पुष्कळांच्या घरी येईल.

आता ब्रेक सोडला की काय होते? संरक्षक पेशी गाठीवर जातात, तशा कधीकधी आपल्याच अवयवांवरही जातात. कातडी, थायरॉइड, फुफ्फुस, यकृत, कोठेही. आतड्यात तर या पेशींचा मोठा तळच असतो, कारण बाहेरून येणारे अन्न आणि जंतू तेथूनच जातात. त्यामुळे मोठ्या आतड्याला सूज येते आणि जुलाब सुरू होतात. हे जुलाब शिळ्या अन्नाचे नव्हेत, पाण्याचे नव्हेत, 'बाहेरचे खाल्ले' त्याचे नव्हेत. आणखी एक गोष्ट, केमोची उलटी दोन-चार दिवसांत येते आणि जाते. हा त्रास मात्र सहा-आठ आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, कधी औषध बंद केल्यानंतरही सुरू होतो. तोवर घरातील माणसे निर्धास्त झालेली असतात आणि जुलाबांचा त्या औषधाशी संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमची आई ७३ वर्षांची. तपासणीत तिच्या गाठीत या औषधाला योग्य ठरणारी खूण पुरेशी निघाली, म्हणून केमोवाचून केवळ पेंब्रोलिझुमॅब दर तीन आठवड्यांनी सुरू झाले. पहिले दोन डोस सुखाचे गेले. तिला भूक लागू लागली, खोकला कमी झाला. तिसऱ्या डोसानंतर काही दिवसांनी आमच्या पत्नीच्या लक्षात आले की, पहाटे दोरीवर आईचे लुगडे ओले दिसते. आई कधी पहाटे कपडे धूत नाही. दुसऱ्या दिवशीही तसेच. पत्नीने विचारले तर म्हणाली, "काही नाही गं, उकाडा होतो."

बंधू-भगिनींनो, येथे थोडे थांबावयाचे आहे, कारण खरा प्रश्न येथेच आहे. जिने आपली सारी घाण काढून आपल्याला वाढवले, तिलाच आपले कपडे खराब झाले हे सुनेला सांगण्याची लाज वाटते. रात्री आवाज होऊ नये म्हणून ती संडासातला दिवासुद्धा लावत नव्हती. पण केवळ लाज एवढेच कारण नव्हते. पत्नी तिच्याजवळ बसून राहिली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सांगितलं तर डॉक्टर सुई बंद करतील. एवढा पैसा घातलात तुम्ही पोरांनी. बंद केली म्हणजे सगळंच गेलं."

हा विचार तिने एकटीने केला होता, आणि आमची खात्री आहे की असा विचार करणारी म्हातारी माणसे प्रत्येक घरात आहेत. रोगापेक्षा त्यांना मुलांच्या खर्चाची भीती अधिक. म्हणून उपचार सुरू होतो त्याच दिवशी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. डॉक्टरांनी पुढे आईला जे सांगितले ते असे : त्रास लवकर कळला तर औषध थोडे दिवस थांबवून पुष्कळदा पुन्हा सुरू करता येते. उशिरा कळला, आतडे फार सुजले, तर मात्र ते कायमचे बंद करावे लागते. म्हणजे आई ज्या भीतीने लपवत होती, ती भीती लपवण्यानेच खरी ठरली असती.

मग मोजणी. रुग्णालयाने पहिल्या डोसाच्या वेळी आम्हाला एक कार्ड दिले होते. त्यावर औषधाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि काय झाले तर फोन करावा हे छापलेले होते. डॉक्टरांची मोजण्याची रीत सोपी आहे. माणसाचे नेहमीचे प्रमाण किती, ते आधी धरायचे. आमची आई सकाळी एकदा जाई. त्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दिवसभरात चारपेक्षा कमी वेळा अधिक झाले तर पहिली पायरी. चार ते सहा वेळा अधिक झाले तर दुसरी. सात किंवा त्याहून जास्त, किंवा कपड्यात नकळत होऊ लागले, तर तिसरी. त्यापुढे जिवावरची. नुसते "पोट बिघडले आहे" असे फोनवर सांगून डॉक्टरला काही समजत नाही. "नेहमी एकदा, काल चार वेळा, आज सहा वेळा, त्यातले दोनदा रात्री, रक्त नाही, ताप नाही," असे सांगितले की त्याला पायरी कळते.

आम्ही बँकेतली माणसे, वही घालण्याची सवय हाडात. शंभर पानी वही आणली. तारीख, वेळ, पातळ की पाण्यासारखे, रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग आहे काय, पोटात कळ आली काय, लघवी झाली काय, दिवसभरात पाणी किती गेले. आईला लिहिता येते, पण चष्मा लावून वेळ लिहिण्याचा तिला कंटाळा. तेव्हा मुलाने युक्ती काढली. संडासाबाहेरच्या कोनाड्यात एका वाटीत चिंचोके ठेवले आणि शेजारी दुसरी रिकामी वाटी. प्रत्येक वेळी एक चिंचोका इकडून तिकडे. कोणाला काही सांगावयास नको, कोणी विचारावयास नको. संध्याकाळी आमची बहीण चिंचोके मोजून वहीत घेई. आमच्या मते या आजारपणात घरात जे काही केले, त्यात सर्वांत उपयोगी हेच ठरले.

सहाचा आकडा झाल्याबरोबर फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाचा नमुना घेऊन बोलावले. जंतूंमुळे झालेले जुलाब असू शकतात, म्हणून आधी ते तपासतात, आणि आपल्याकडे अमिबा वगैरेही पाहावे लागतात. रक्तातील क्षार, मूत्रपिंडाचे काम, यकृत, थायरॉइड पाहिले. नंतर दुर्बिणीने आतड्याच्या खालच्या भागाची तपासणी करून बारीक तुकडे काढले. सूज आहे आणि ती औषधाचीच आहे, हे निश्चित झाल्यावर चौथा डोस थांबवून प्रेडनिसोलोन नावाचे स्टिरॉइड सुरू केले. आईचे वजन ४८ किलो, तिला रोज ५० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी वाटीत चार चिंचोके, सहाव्या दिवशी दोन. तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्झिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब यांसारखी पुढची औषधे असतात. त्यांतील पहिल्याने जुना दडलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून त्याआधी क्षयाची आणि कावीळ 'ब'ची तपासणी करतात. आमच्यावर तशी वेळ आली नाही. परंतु घरात कोणाला पूर्वी क्षय झालेला असेल तर न विचारताही डॉक्टरांना सांगावे.

स्टिरॉइड हा शब्द ऐकला की आपल्याकडे लोक घाबरतात. गोळ्या हळूहळू, आठवड्याआठवड्याने उतरवाव्या लागतात. आईच्या बाबतीत सात आठवडे लागले. बरे वाटले म्हणून मध्येच बंद केल्या तर जुलाब उसळून येतात आणि अचानक अशक्तपणा येऊन माणूस कोसळूही शकतो. या काळात साखर वाढते. आईला मधुमेह नव्हता, तरी आठवड्यातून दोनदा बोटाची तपासणी केली. झोप उडते. आई रात्री दोन वाजता उठून भांडी लावू लागे आणि तिला चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठवत. गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर दिल्याने थोडा फरक पडला. तोंडात पांढरा थर येतो, त्याकडेही पाहावे.

आता पाणी. वृद्ध माणसाला तहान कमी लागते आणि जुलाब वाढतील म्हणून ती पिणेही टाळतात. जीव पुष्कळदा जुलाबाने नव्हे, पाणी आणि मीठ गेल्याने जातो. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याचे मिश्रण पाजून हजारो जीव वाचवले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. तेच आजचे ओआरएस. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धे पाकीट अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नावात ओआरएस घालून गोड पेये विकली जात, त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी पाकिटावरचा मजकूर वाचूनच घ्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती पाजावे हे डॉक्टरांना विचारावे. आईच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, ते डॉक्टरांनी त्या दिवसांत थांबवले. म्हणून सगळ्या जुन्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात.

खाण्याच्या बाबतीत आम्हाला फार काही नवे करावे लागले नाही. आपल्या आयांनी आपल्याला आजारपणात जे दिले तेच. तांदळाची पेज मीठ घालून, मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, साबुदाण्याची पेज. भाकरी, पालेभाजी, कच्चा कांदा, काकडी, तिखट, तळलेले आणि दूध काही दिवस बंद. थोडे थोडे, पाच-सहा वेळा. भाकरीवाचून आईला जेवल्यासारखे वाटत नसे. त्यावरून रोज थोडे भांडण होई आणि ते होऊ दिले. सूज उतरल्यावर उकडलेले अंडे आणि मग बिनकाट्याचा मासा दिला, कारण स्टिरॉइडने अंगातले मांस झडते.

वारंवार जाण्याने अंग सोलवटते. कोमट पाणी, मऊ सुती कापड आणि व्हॅसलिन पुरते. आमच्या चाळीवजा इमारतीत संडास घरात आहे, हे आमचे भाग्य. ज्यांचा बाहेर आहे त्यांनी रात्रीसाठी खाटेजवळ खुर्ची-कमोड ठेवावा. अंधारात धावताना मांडीचे हाड मोडले तर कर्करोग बाजूला राहतो.

भेटायला येणाऱ्यांविषयी बोलावे की नाही, असा विचार करत होतो. बोलतोच. माणसे प्रेमाने येतात आणि प्रत्येकाजवळ एक उपाय असतो. कुड्याची साल, डाळिंबाची साल, जायफळ उगाळून. साध्या जुलाबाला आपणही हे घेतलेले आहे, त्याचा अपमान करावयाचा नाही. पण येथे आतडे सुजलेले आहे, आणि आकडा दाबला गेला तर डॉक्टरला पायरी कळत नाही. मेडिकलमधून आणलेल्या जुलाब थांबवणाऱ्या गोळीचेही तेच. डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावी. अंगदुखीची ब्रुफेनसारखी गोळी तर मुळीच नाही, आतड्याला ती आणखी त्रास देते. सर्वांत आग्रह झाला तो गुळवेलीच्या काढ्याचा. "प्रतिकारशक्ती वाढते," असे सगळे सांगत. येथे तर प्रतिकारशक्तीचा ब्रेक आधीच सोडलेला आहे! मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद जाणकारांनी मिटवावा. आम्ही काढ्याची बाटली आभार मानून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

आईच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, तेही याच औषधावर. गावी त्यांना जुलाब लागले, तेव्हा जवळच्या दवाखान्यात "केमो चालू आहे" एवढेच सांगितले गेले. बारा दिवस सलाईन आणि जंतुनाशक औषधे झाली. शेवटी शहरात आणले तेव्हा दोन महागडी इंजेक्शने लागली. ते वाचले, पण त्यांचे इम्युनोचे औषध कायमचे बंद झाले. त्यांच्या मुलाने सर्व काही धावपळ करून केले होते. फक्त कोणते औषध, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. म्हणून ते कार्ड रुग्णाच्या पिशवीत आणि त्याचा फोटो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. कोठेही गेलात तर "केमो नाही, इम्युनोथेरपी" असे मोठ्याने सांगावे, औषध बंद होऊन महिने झाले असले तरी.

काही गोष्टींत सकाळची वाटसुद्धा पाहू नये. शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, ताप, पोटात सतत जोराची कळ, सहा-आठ तास लघवी नाही, बोलण्यात असंबद्धपणा. जुलाब अचानक थांबले आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगले, तर ते बरे होणे नव्हे, धोका आहे. डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली तर यकृत. उलट्या, फार तहान आणि सारखी लघवी असेल तर साखर. बद्धकोष्ठ होऊन माणूस सुस्त पडून राहिला तर थायरॉइड. हे सारे याच औषधाने होऊ शकते आणि यातील प्रत्येकाला उपाय आहे.

पुढे काय झाले ते सांगून संपवतो. गोळी १० मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करण्याविषयी विचारले. त्रास पुन्हा होऊ शकतो, न सुरू केले तरी आधीच्या डोसांचा फायदा काही रुग्णांत टिकतो, हे दोन्ही त्यांनी समजावून सांगितले. आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत होतो. आईच म्हणाली, "चिंचोके आहेत ना घरात? मग द्या." त्यानंतर चार डोस झाले. दुसऱ्या डोसानंतर तीन दिवस वाटीत तीन-तीन चिंचोके पडले, फोन केला, खाण्यापिण्यावर आणि लक्ष ठेवण्यावर भागले. गाठ वाढलेली नाही, एवढेच डॉक्टर म्हणतात, आणि आम्हीही त्याहून जास्त विचारत नाही.

वहीच्या पानाचा नमुना आम्ही आणला आहे. कार्यक्रमानंतर मागच्या टेबलाशी आमची पत्नी आणि बहीण थांबणार आहेत. झेरॉक्स भरपूर आहेत, हव्या त्यांनी न्याव्यात. आणि स्त्रियांना काही विचारावयाचे असेल तर त्यांनाच विचारावे, आमच्यापेक्षा त्यांना अधिक माहिती आहे.